वाचकांचे प्रश्न : कुपा, गेदर आणि बुगडी

या अंकासाठी लहान टूनाविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. लहान टूना म्हणजे मुख्यतः कुपा, शास्त्रीय नाव युथिनस अफिनिस. हिंद महासागरापासून पश्चिम प्रशांतपर्यंत उबदार पाण्यात, किनाऱ्यापासून फार लांब न जाणारा हा मासा. परदेशी यादीत तो ‘कावाकावा’ या हवाईतल्या नावाने सापडेल.

प्रश्न : मुंबईत ज्याला कुपा म्हणतात तोच गोव्यात गेदर का? एकदा कुपा म्हणून घेतलेला मासा चवीला अगदीच वेगळा लागला. फसवणूक झाली असेल का? (वाचक, पुणे)

फसवणूक असेलच असं नाही. बाजारात ‘कुपा’ हे नाव पाच-सहा जातींना सरसकट लागतं. सिंधुदुर्ग-गोव्याकडे गेदर म्हणतात, आणि लहान चणीच्या टूनाला बुगडी. नावावर विसंबण्यापेक्षा मासा उलटा करून पोट बघा.

पोटावर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे ४ ते ६ ठळक काळे पट्टे असतील तर तो स्किपजॅक. लक्षद्वीपचा मास (उकडून, सुकवलेला टूना) ज्याचा बनतो तोच. पोट रुपेरी, कोरं, पण छातीच्या परांखाली शाईचे थेंब पडावेत तसे २ ते ५ काळे ठिपके असतील तर तो खरा कुपा. हे ठिपके कधीकधी अगदी फिके असतात, म्हणून पाठही बघायची. कुप्याच्या पाठीवर पहिल्या पराच्या मध्यापासून मागे तिरक्या, तुटक काळ्या रेघा असतात.

बुगडी ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीवरच्या दोन परांमधलं अंतर. कुप्यात ते दोन पर जवळजवळ एकमेकांना भिडलेले, बुगडीत मध्ये चांगली मोकळी जागा. बुगडीतही दोन जाती आहेत. दोन्हींच्या अंगावर खवले फक्त छातीभोवती चिलखतासारखे आणि तिथून मागे पट्ट्याने गेलेले असतात. पाठीच्या दुसऱ्या पराखाली हा पट्टा पाच खवल्यांहून रुंद नसेल तर ती ऑक्सिस थझार्ड, रुंद असेल तर ऑक्सिस रोशेई. स्वयंपाकघरात या भेदाचा काही उपयोग नाही. मासळीची नोंद ठेवणाऱ्यांना मात्र आहे, ते पुढे येईल.

राहिला लांब शेपटीचा टूना, थुनस टोंगोल. याच्या सगळ्या अंगाला बारीक खवले असतात. नख शेपटीकडून डोक्याकडे ओढलं की खरखर लागते. कुप्याचं मागचं अंग मात्र गुळगुळीत. टोंगोलचं मांस फिकट असल्यामुळे चव सौम्य लागते. तुम्हाला वेगळी वाटलेली चव बहुधा याची असावी, किंवा उलट, बुगडीची; बुगडीत काळं मांस जास्त. तुकड्या करून ठेवलेला मासा असेल तर जात ओळखण्याच्या भानगडीत पडू नका, तेव्हा फक्त ताजेपणा बघायचा.

प्रश्न : कुप्याच्या तुकडीत काट्याजवळ जवळजवळ काळं मांस असतं. ते शिळं असतं का? काढून टाकावं का? (वाचक, ठाणे)

शिळं नाही. ते त्या माशाचं इंजिन आहे.

कुप्याला हवेची पिशवी नसते. पोहणं थांबलं की तो बुडतो. शिवाय रोहू-कटल्यात जशी कल्ल्यांची झाकणं उघडमिट करून पाणी आत खेचलं जातं, तसं याला पुरेसं जमत नाही. तोंड थोडं उघडं ठेवून पुढे जात राहायचं आणि पाणी आपोआप कल्ल्यांवरून जाऊ द्यायचं, हाच त्याचा श्वास. हवाईत टाक्यांमध्ये ठेवलेल्या कुप्यांवर १९७० च्या सुमारास यावर सविस्तर प्रयोग झाले: छातीचे पर विमानाच्या पंखांसारखे पसरून उचल मिळवायची, तर एका ठरावीक वेगाच्या खाली येऊन चालतच नाही. म्हणजे जन्मभर, रात्रंदिवस पोहणं आलं. ते काम लाल स्नायू करतो. त्यात रक्तवाहिन्या दाट आणि प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन भरपूर, म्हणून रंग गडद. बाजूचं फिकं मांस फक्त झडप घालताना वापरायचं.

आता गंमत पुढे आहे. स्नायू सतत चालला की उष्णता निर्माण होते. बहुतेक माशांत ती रक्ताबरोबर कल्ल्यांपाशी जाते आणि समुद्रात निघून जाते. कुप्याच्या कण्याखाली मात्र बारीक धमन्या आणि शिरांची जाळी एकमेकींना चिकटून असते. स्नायूंकडून येणारं ऊन रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच तापवतं आणि उष्णता अंगातच राहते. त्यामुळे लाल मांस बांगड्यासारखं फक्त कातडीखाली नसून आत काट्यापर्यंत शिरलेलं असतं, आणि ते आजूबाजूच्या पाण्यापेक्षा काही अंशांनी गरम असतं. कुप्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी (उग्र वास, लवकर उतरणं, अंगाला खाज) या गरम, रक्ताळ शरीरापासून सुरू होतात.

काढायचं की नाही, हे ताजेपणावर ठरवा. ताजं असेल तर ठेवा, लोह त्यातच जास्त आहे. मात्र त्यातली चरबी हवेशी संयोग पावून लवकर खवट होते, म्हणून फ्रीजरमध्ये ठेवायच्या तुकड्यांतून काळं मांस कापून काढलेलं बरं. बाकी कोकम आणि तिरफळं यांचा उपयोग वास झाकायला होतो, शिळं ताजं करायला नाही. तुकडी दोन सेंटिमीटरची ठेवा आणि रस उकळल्यावर शेवटी टाका. पाच-सहा मिनिटांत होते. बांगड्यासारखी रटरटत ठेवली तर लाकूड होतं, मग दोष माशाला.

प्रश्न : आमची छोटी होडी आहे. गिलनेटमध्ये कुपा चांगला येतो पण व्यापारी ‘नरम पडला’ म्हणून अर्धा भाव देतो. सुरमईला तोच बर्फ घालतो, ती ठीक राहते. चूक कुठे होते? (वाचक, मालवण)

‘तोच बर्फ’ इथेच. सुरमई पाण्याच्याच तापमानाला असते. कुपा त्याहून गरम असतो, आणि जाळ्यात धडपडून आणखी तापतो. धडपडीत स्नायूत आम्ल साठतं. गरमी आणि आम्ल एकत्र आले की मांस शिजल्यासारखं फिकट, ठिसूळ होतं. दुसरी गोष्ट, जाळ्यात अडकलेल्या कुप्याला पुढे जाता येत नाही, म्हणजे श्वास घेता येत नाही. तो काही मिनिटांत मरतो. तुमचं घड्याळ मासा होडीत आल्यावर नाही, जाळ्यातच सुरू झालेलं असतं.

म्हणून पहिला उपाय बर्फाचा नाही, वेळेचा. जाळं रात्रभर न ठेवता फेऱ्या छोट्या करा. आंतरराष्ट्रीय व्यापारात वापरला जाणारा अमेरिकी दंडक असा: पाणी किंवा हवा २८.३ अंशांच्या वर असेल तर मेल्यापासून ६ तासांच्या आत मासा बर्फात जायला हवा, आणि २४ तासांत आतलं तापमान ४.४ अंशांखाली. कोकणात ऑक्टोबरपासून पुढे बहुतेक दिवस पाणी याच्या आसपास असतं. जाळं ओढताना ताठ झालेले आणि अजून हलणारे मासे वेगळे ठेवा. ताठ झालेले पहिले मेले. ते आधी विकायचे, साठवायचे नाहीत.

हलणाऱ्या माशाचं असं करा. फेकू नका, आपटलेल्या जागी रक्त साकळतं आणि कापल्यावर डाग दिसतो. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर एक नेमका फटका. लगेच कल्ल्याचं झाकण उचलून कल्ल्यांच्या खालची गळ्याकडची रक्तवाहिनी कापा. हृदय अजून काही मिनिटं चालतं, तेच रक्त बाहेर ढकलतं. उशीर केला की रक्त आतच राहतं. मोठ्या यलोफिन टूनाला छातीच्या परामागे चीर देतात ती इथे फारशी कामाची नाही, कारण त्याची मुख्य रक्तजाळी बाजूला असते आणि कुप्याची कण्याखाली. डोकं खाली करून स्वच्छ समुद्रपाण्याच्या बादलीत ५ ते १० मिनिटं ठेवा. वेळ असेल तर कल्ले आणि आतडी काढा. धुवायचं पाणी बाहेरच्या समुद्राचं हवं. बंदरातलं पाणी घेतलं तर जंतू आपल्याच हाताने चोळले.

मग बर्फाच्या लगद्यात: वजनाने दोन भाग फोडलेला बर्फ, एक भाग समुद्रपाणी. नुसत्या बर्फाचा खडा माशाला ठिकठिकाणी टेकतो, मध्ये हवा राहते; लगदा सगळीकडून चिकटतो. तीन किलोच्या माशाचा गाभा गार व्हायला काही तास लागतात, तोवर त्यात बुडलेला राहू द्या. नंतर पाणी काढून बर्फाच्या थरांत रचा. वितळलेलं पाणी निघून जायला खाली भोक हवं, नाहीतर तळचे मासे रक्ताळ पाण्यात भिजतात.

बर्फ किती? हिशेब सोपा आहे. १ किलो मासा १ अंशाने गार करायला साधारण ०.८ किलोकॅलरी लागतात. ३० अंशांवरचा १०० किलो मासा शून्यावर आणायचा तर २,४०० किलोकॅलरी. १ किलो बर्फ वितळताना ८० खेचतो, म्हणजे नुसता मासा गार करण्यातच ३० किलो बर्फ संपला. उरलेली लढाई उन्हाशी आणि पेटीच्या भिंतींशी. म्हणून दिवसभराच्या फेरीला माशाच्या वजनाइतका बर्फ धरतात, पेटीला थर्माकोल किंवा पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) अस्तर नसेल तर त्याहून जास्त. लादी बोराएवढी फोडा. मोठे धारदार तुकडे माशात रुततात, आणि त्या खुणेवरून व्यापारी भाव पाडतो.

शेवटी एक सळईचा थर्मामीटर घ्या. सर्वांत जाड भागात, काट्यापर्यंत टोचून आकडा वाचा. व्यापाऱ्याशी वाद घालताना तो आकडा तुमच्या बाजूने बोलेल.

प्रश्न : कुपा खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकलं, अंगाला खाज सुटली. इतर मासे वर्षानुवर्षं खातो. नीट शिजवला होता. ही ॲलर्जी का? (वाचक, नाशिक)

लक्षणं ॲलर्जीसारखीच, पण हे बहुधा हिस्टामीनचं विषारण आहे. टूना-बांगडा वर्गाच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की मॉर्गनेला मॉर्गानीसारखे जंतू त्याचं हिस्टामीन करतात. ॲलर्जीत तेच रसायन आपलं शरीर सोडतं, इथे ते ताटातून येतं. म्हणून एकाच पातेल्यातलं खाल्लेल्या इतरांनाही त्रास झाला का, हे आधी विचारा. झाला असेल तर माशाकडे बोट जातं, तुमच्याकडे नाही.

शिजवण्याचा उपयोग का झाला नाही? जंतू मरतात, हिस्टामीन नाही. तळून, उकडून, प्रेशर कुकरमध्ये, डबाबंद करूनही ते टिकतं. वासही खात्रीचा नाही; हिस्टामीन वाढलं तरी मासा नाकाला बरा लागू शकतो. जिभेला मिरमिरल्यासारखं, मिऱ्यासारखं तिखट लागलं तर घास तिथेच थांबवा. शिजलेल्या तुकडीत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं दिसली तर तीही कुजण्याची खूण. कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) सुरक्षेसाठी ठरवलेली मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि नीट गार ठेवलेल्या माशात हिस्टामीन त्याच्या कितीतरी खाली असतं.

त्रास बहुधा काही तासांत, फार तर दिवसभरात ओसरतो. डॉक्टर ॲलर्जीविरोधी गोळी देतात, ती लागू पडते. श्वास लागला, छातीत धडधड वाढली किंवा चक्कर आली तर थांबू नका, दवाखाना गाठा. क्षयासाठी आयसोनायझिड घेणाऱ्यांनी विशेष जपावं. ते औषध हिस्टामीनचा निचरा करणारं विकर अडवतं, त्यामुळे थोड्याशा मात्रेचाही त्रास जास्त होतो.

नाशिकपर्यंत मासा येताना साखळी कुठेही तुटू शकते, पण शेवटची कडी आपल्या घरात असते. बाजारातून निघताना पिशवीत बर्फ मागून घ्या. घरी आल्यावर मीठ-हळद लावून ओट्यावर दोन तास ठेवण्याची सवय कुप्यासाठी सोडा, मुरवायचा तर फ्रीजमध्ये. गोठवलेला मासा बाहेर ठेवून वितळवू नका: गोठवल्याने जंतू थांबतात, त्यांनी आधीच तयार केलेलं विकर मात्र शिल्लक असतं आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतं.

प्रश्न : कुप्याला गाभोळी कधी धरते? आणि लहान मासा जाळ्यात येऊ नये म्हणून आस (जाळ्याच्या छिद्राचं माप) किती ठेवावी? (वाचक, रत्नागिरी)

एका ठरावीक महिन्याचं उत्तर नाही. तयार मादी वर्षभर कुठे ना कुठे सापडते आणि भर प्रदेशागणिक बदलतो: फिलिपिन्समध्ये मार्च ते मे, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जानेवारी ते जुलै, इंडोनेशियात ऑगस्ट ते ऑक्टोबर. अंडी एकदम न सोडता हप्त्याहप्त्याने सोडते. ४८ सेंटिमीटरची, सुमारे १.४ किलोची मादी एका वेळी २ लाख १० हजारांच्या आसपास, हंगामात जवळपास ८ लाख. ६५ सेंटिमीटरची, ४.६ किलोची मादी हंगामात २५ लाखांपर्यंत. लांबी दीडपटीहून कमी वाढली, अंडी तिप्पट झाली. मोठी मादी सोडून देण्यात शहाणपण आहे ते यासाठी. आपली १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची बंदी या लांबलेल्या हंगामाचा एक भागच झाकते.

पहिल्यांदा अंडी धरण्याची लांबी साधारण ४० सेंटिमीटर, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजून. शेपटीच्या टोकापर्यंत मोजलंत तर आकडा फुगतो आणि लहान मासा मोठा ठरतो.

आस ठरवताना लांबी नव्हे, घेर बघावा लागतो. आपल्याच बंदरावर ४० सेंटिमीटरचे दहा मासे घ्या, सर्वांत जाड जागी दोरी गुंडाळून घेर मोजा, सरासरी काढा. समजा २६ सेंटिमीटर आला. गिलनेटमध्ये मासा घट्ट बसतो तो साधारण आसेच्या परिघापेक्षा घेर १.२ पट असताना. २६ भागिले १.२ म्हणजे २१.७ सेंटिमीटर परिघ, त्याच्या निम्मी ताणलेली आस: सुमारे १०८ मिलिमीटर. यापेक्षा लहान आस घेतली तर पकडीचा भर अजून अंडी न घातलेल्या माशावर येतो. ११० घेतलीत तर लहान मासा बराचसा निसटतो. बुगडीही निसटेल, त्याची तयारी ठेवा. बुगडीवरच घर चालत असेल तर हे गणित तुम्हाला परवडणार नाही, आणि ते सांगितलेलं बरं.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी अधिसूचित केली आहे. तो तक्ता मत्स्यव्यवसाय कार्यालयातून घेऊन होडीवर ठेवा.

जाळं पृष्ठभागापासून दोनेक मीटर खाली बसवण्याचाही विचार करा. पाकिस्तानच्या टूना गिलनेट नौकांवर तसं केल्यावर डॉल्फिन अडकण्याचं प्रमाण खूप घटलं. डॉल्फिन अडकला की जाळंही फाटतं, तेव्हा हा फायदा आपलाही आहे.

प्रश्न : डबाबंद टूना म्हणजे कुपाच का? गरोदरपणात चालतो का? (वाचक, दुबई)

डब्यात बहुधा स्किपजॅक असतो, आशियातल्या काही डब्यांत टोंगोल. कोडेक्सच्या डबाबंद टूनाच्या मानकात कुप्याचं नाव आहे, तेव्हा तोही असू शकतो; डब्यावरचं शास्त्रीय नाव वाचा. पारा माशाच्या वयाबरोबर आणि आकाराबरोबर साठत जातो. कुपा लवकर वाढणारा आणि कमी आयुष्याचा, म्हणून शार्क, मार्लिन किंवा मोठ्या टूनापेक्षा त्यात पारा कमी. आठवड्यातून एक-दोन वेळा, नीट शिजवून, ताजा असेल तर चालतो. गरोदरपणात शिळ्या कुप्याची जोखीम मात्र घेऊ नका.

प्रश्न : कुपा कमी होतोय का? (वाचक, मुंबई)

हिंद महासागरातल्या टूनाचा हिशेब ठेवणाऱ्या आयोगाचं (मुख्यालय सेशेल्समधलं व्हिक्टोरिया) काम १६ जातींपुरतं आहे, त्यांत कुपा येतो. भारत सदस्य आहे. वर्षाला साधारण दीड लाख टनांच्या आसपास कुपा पकडला जातो आणि त्यातला मोठा वाटा इंडोनेशिया, भारत, इराण आणि पाकिस्तानचा. २०२० च्या मूल्यांकनात कुपा मर्यादेच्या आत होता, पण मासेमारीचा दाब मर्यादेला जवळजवळ टेकलेला. टोंगोल त्याच वर्षी मर्यादेपलीकडे गेलेला ठरला.

या आकड्यांवर मात्र सबुरीने विश्वास ठेवावा. मोठ्या टूनाचं मूल्यांकन करताना किती गळ टाकले, किती मासे आले याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी असतात. कुप्याच्या बाबतीत प्रामुख्याने एकूण पकडीचाच आकडा असतो आणि गणित त्याच्यावर उभं राहतं. तो आकडाही कुठून येतो? हजारो छोट्या होड्या, शेकडो धक्के. तिथे कुपा, बुगडी आणि लहान टोंगोल एकाच टोपलीत पडले आणि वहीत ‘टूना’ असं लिहिलं गेलं, की टोंगोलची घट कुप्याच्या नावाखाली लपते. पहिल्या प्रश्नातल्या त्या खवल्यांच्या खुणा इथे कामाला येतात. टोपली पालथी करून जातवार वजन करायला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि नेमकी तीच लिलावाच्या गर्दीत कुणाला द्यायची नसतात.

प्रश्न : शेततळ्यात कुपा वाढवता येईल का? (वाचक, सोलापूर)

नाही. खारं, प्राणवायूने भरलेलं, उबदार पाणी आणि न थांबता पोहायला मोठी जागा हवी. कोपऱ्यावर आपटून मरतो. जपानमध्ये एहिमे विद्यापीठाने याच माशाची, तिकडे त्याला ‘सुमा’ म्हणतात, अंड्यापासून पैदास करून समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवण्याचं तंत्र बसवलं आहे. तिथेही पिल्लं एकमेकांना खातात, म्हणून इतर माशांची नुकती फुटलेली पिल्लं खाद्य म्हणून सतत द्यावी लागतात. शेततळ्यासाठी रोहू-कटलाच बरा, त्याला निदान थांबून श्वास घेता येतो.